उरलेला कागद

"मग आता यावर काय लिहू, बुवा?"

कुमुदनं कार्ड पुढं केलं. दोन्ही हातांनी, नैवेद्याचं ताट धरावं तसं.

नदीकाठच्या मठात दुपार कलली होती. बुवा ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. वयानं कमरेत वाकलेले, पण नजर अशी की अजून सुईत दोरा ओवून घ्यावा.

त्यांनी सूप बाजूला सारलं. कार्ड हातात घेतलं नाही, नुसतं वाकून पाहिलं.

"छान झालंय."

"पंधरा दिवस खपतेय त्याच्यावर."

"कशाचं केलंस?"

कुमुदला हेच तर हवं होतं. ती सरसावून बसली. ही पाकळी म्हणजे साडीच्या खोक्याचं झाकण. देठ उदबत्तीच्या पुड्याचा. पाण्याचे थेंब चहाच्या पुडीच्या आतल्या चंदेरी कागदाचे. जाळी मिठाईच्या डब्यातली.

"विकतचं काही म्हणजे काही नाही, बुवा. सगळं टाकलेलं."

"कुणी टाकलेलं?"

"आता कुणी म्हणजे... लोकांनी."

तांदळातला एक खडा उचलून बुवांनी अंगणात टाकला.

तर ही कुमुद सगळ्या गावाला ठाऊक होती. नवरा पोस्टात, मुलगा परगावी, आणि हिच्या हातात कात्री. लग्नपत्रिकेवर गणपती असतो, ती केरात कशी टाकायची? म्हणून घरोघरच्या बायका जुन्या पत्रिका आणून हिच्या दारात ठेवत. कुमुद त्यांची भेटकार्डं करी. संक्रांतीची, दिवाळीची, बारशाची. एकासारखं दुसरं नाही. शिंप्याच्या घरी जायचं त्यावर बटणांचा मोर, मास्तरांच्या कार्डावर पेन्सिलीच्या सालपटांचं फूल. लोक तोंडात बोट घालत. कुमुदही मग मान जराशी तिरकी करून म्हणे, "मी आधी माणूस बघते, मग कात्री लावते."

मठात चार बायका जमल्या की हे वाक्य हमखास यायचं. बुवांनीही ते पाच-पन्नास वेळा ऐकलं होतं.

"कुणासाठी हे?" बुवांनी विचारलं.

"मालनसाठी."

"का?"

कुमुदचा आवाज जरा खाली आला. "तिची माफी मागायचीय. पण बुवा, मी मुद्दाम केलं नाही हो. मला काय स्वप्न पडलं होतं?"

"काय केलंस?"

...

मालन म्हणजे कुमुदची लहानपणची मैत्रीण. एका पाटीवर दोघी शिकल्या, एकाच मांडवात दोघींची लग्नं लागली. मालनला एकच मुलगी, सुवर्णा. पोर नावासारखी होती. सात वर्षांमागं तिचं लग्न ठरलं. मालननं तीनशे पत्रिकांना आपल्या हातानं हळदकुंकू लावलं. चार कोपरे, चार बोटं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "माझ्या एकुलतीचं आहे, मीच लावणार," म्हणाली, आणि दोन दिवस तिची बोटं पिवळीची पिवळी होती. पहिली पत्रिका देवाला गेली. दुसरी कुमुदला.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि पोरीला कावीळ झाली. हळद लागायच्या आधी अंगच पिवळं पडलं. आठव्या दिवशी, ज्या मुहूर्ताला अक्षता पडायच्या त्या मुहूर्ताला मालनच्या दारात माणसं जमली होती, पण ती पांढऱ्या टोप्या घालून, खाली माना घालून.

बापानं घरातल्या उरल्यासुरल्या पत्रिका, फोटो, आहेराच्या याद्या, सगळं नदीत सोडलं. डोळ्यांसमोर नको म्हणाला. मालनला कुणी विचारलं नाही.

आणि कुमुदच्या घरातली ती पत्रिका? ती राहिली ट्रंकेत, इतर पत्रिकांच्या गठ्ठ्यात. लाल कागद, सोनेरी काठ. गठ्ठ्यातली एक.

या संक्रांतीला कुमुदनं गठ्ठा सोडला. तिची एक रीत होती, छापलेली बाजू खाली आणि कोरी बाजू वर. पालथा कागद घ्यायचा, कात्री लावायची, डिंकानं चिकटवून टाकायचं. कशाला कोण वाचत बसतंय? त्या एका पत्रिकेतून तिनं नऊ कार्डांचे पतंग कापले. दहाव्या, मालनच्या कार्डासाठी मात्र एक कोपरा सुलटा लावला. त्यावर पिवळा ठिपका होता. तिला वाटलं, अरे वा, हा तर आयता सूर्य! ठिपक्यात मधोमध एक बारीक रेघ होती. तिला वाटलं, सूर्याआड ढग आलाय. त्या सूर्याला तिनं किरणं काढली आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं,

'तिळगूळ घे, गोड बोल. मागचं विसर.'

...

"मग?" बुवा म्हणाले.

"मग ती आली. भर दुपारची. उंबऱ्यातच बसली. पाणी दिलं, घेतलं नाही. मला वाटलं, कार्ड आवडलं म्हणून आली. मी म्हटलंसुद्धा, 'काय गं, आवडलं ना?'"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'कुमुद, उरलेला कागद आहे का गं?' मी म्हटलं, 'अगं, लाल कागद हवा होय? ढीग आहे, बैस.' चार पत्रिका काढून दिल्या तिच्या हातात. तिनं त्या चारी खाली ठेवल्या. मग पदराआडनं माझं कार्ड काढलं आणि..."

कुमुदनं आपली उजवी तर्जनी बुवांपुढं धरली.

लहानपणी विळीवर कैरी चिरताना मालनची तर्जनी कापली होती. कुमुदच्या समोरच. तेव्हापासून तिच्या बोटाला मधोमध चीर होती. मालननं ते बोट त्या सूर्यावर ठेवलं. बोटाची चीर ठिपक्याच्या रेघेवर नेमकी बसली.

"रडली?" बुवांनी विचारलं.

"रडली असती तर बरं झालं असतं! ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, 'माझ्याजवळ तिचं काही नाही, कुमुद. उरलेलं असेल तर दे.' मी म्हटलं, 'नाही गं, सगळा कापला.' तशी उठली आणि गेली. चपलासुद्धा विसरून गेली."

...

पलीकडच्या घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"म्हणून हे कार्ड केलं, बुवा. आजवर असं कधी जमलं नव्हतं. तुम्ही नुसते दोन शब्द सांगा. तुमचा शब्द असला तर ती घेईल."

"मालननं काय मागितलं?"

"...उरलेला कागद."

"तू काय आणलंस?"

कुमुदनं हातातल्या कार्डाकडं पाहिलं. साडीचं खोकं, उदबत्तीचा पुडा, चहाची पुडी.

तिनं ते हळूच पालथं ठेवलं.

"तो कागद कुठंय?" बुवांनी विचारलं.

"नऊ घरांत."

"घरं ठाऊक आहेत?"

"तोंडपाठ. पण बुवा, दिलेली वस्तू परत कशी मागायची? लोक तोंडावर थुंकतील. हां, आता मालनचं सगळं सांगितलं, तर देतील. हळहळतील, अन् देतील."

बुवा भिंतीला धरून उठले. आत गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांची माधुकरीची झोळी होती, भगवी, विरलेली. ती त्यांनी कुमुदच्या खांद्याला अडकवली.

"एका दारात एकदाच मागायचं. मिळालं तर घ्यायचं, नाही मिळालं तर पुढं चालायचं. आणि मालनचं नाव काढायचं नाही."

"मग कारण काय सांगू?"

"भिक्षेकरी भूक का लागली ते सांगतो का गं?"

...

कुमुद निघाली. झोळी पदराखाली झाकून घ्यावी असं पहिल्या दारापर्यंत तिला वाटत होतं.

तांबटांच्या सुनेनं दार उघडलं. "संक्रांतीचं कार्ड? परत हवंय? बाई बाई, कुमुदकाकू, उद्या तिळगूळ मागाल! तो कुठनं द्यायचा हो आम्ही, ओकून?" आत हशा पिकला. पण तिनं कार्ड आणून दिलं, दोन बोटांच्या चिमटीत धरून.

मास्तरांनी पोथीत खूण म्हणून घातलं होतं. काढून दिलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "का हो? शुद्धलेखनाची चूक राहिली होती का?"

"चूक राहिली होती, मास्तर," कुमुद म्हणाली. ऊनऊन पाणी डोळ्यांत आलं ते तिनं गिळून टाकलं.

शिंपिणीनं कपाटाच्या दारावर डकवलेलं खरवडून दिलं. "कुणा थोरामोठ्याला द्यायचं असेल! आमच्या घरात काय शोभतंय!" असा टोमणाही वर दिला. मालनचं नाव कुमुदच्या अगदी जिभेवर आलं होतं. एकदा उच्चारलं असतं तर शिंपीण कळवळून गळ्यात पडली असती. कुमुदनं ओठ दाताखाली धरला आणि पायरी उतरली.

एका घरी सापडलं नाही. एका घरी मुंग्या लागल्या म्हणून उकिरड्यावर गेलं होतं. तिथं जाऊन कुमुदनं काडीनं उकरूनही पाहिलं.

साठेकाकूंच्या अंगणात बंब पेटलेला होता. काकू ढलप्या सारत बसल्या होत्या.

"कार्ड होय? अगं, संक्रांत झाली की बंबात."

"बंबात?"

"तुझी सगळीच. दिवाळीचीपण. पटकन पेटतात हो, डिंक असतो ना."

"सगळीच, काकू?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू? सुंदर असतात गं, पण किती ठेवायची माणसानं?"

कुमुद बंबाच्या तोंडाशी उभी राहिली. आत जाळ छान लागला होता. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपण गेल्यावरही आपली कार्डं घरोघरच्या कपाटांत राहतील.

नऊ घरं फिरून झाली. सहा तुकडे मिळाले.

रात्री नको, सकाळच्या उजेडात बघू म्हणून ती थांबली. सकाळी दारं लावून घेऊन तिनं ते ओल्या फडक्यावर पालथे मांडले. डिंक सुटायला तासभर लागतो. आयुष्यात पहिल्यांदा ती छापलेली बाजू वर यायची वाट बघत बसली होती.

एकेक तुकडा सुटला. गणपती आला. वार आणि तिथी आली. मुहूर्ताची वेळ आली. मांडवाचा पत्ता आला. मुलाचं नाव आलं. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' आलं.

मुलीचं नाव आलं नाही.

कुमुदनं तुकडे पुन्हा पुन्हा लावून पाहिले. कडेला फटी होत्याच, पण मधली नावाची जागाही रिकामीच राहिली. चार बोटं लांब, एक बोट रुंद.

...

तशीच ती मठात आली. झोळी बुवांपुढं ठेवली.

"सहा मिळाले, बुवा. नाव नाही मिळालं."

बुवांनी मान हलवली.

"मी साठेकाकूंच्या बंबातली राखसुद्धा..." ती थांबली. पुन्हा बोलली तेव्हा घाईनं बोलली, श्वास न घेता. "बुवा, माझ्याकडं तसाच लाल कागद आहे. सोनेरी शाई आहे. पत्रिकेचं अक्षर मला हुबेहूब काढता येतं. मी सुवर्णाचं नाव लिहिते, नेमकं त्या जागी बसवते. पाणी लावून जरा जुनं करते. मालनला कळणारसुद्धा नाही. कुणालाच कळणार नाही..."

बुवा तिच्याकडं बघत राहिले.

कुमुदचा आवाज आपोआप बारीक झाला. "...नुसती भोकाची पत्रिका तिच्या हातात कशी देऊ? तिनं त्या जागेवरच बोट ठेवलं तर?"

झोळीतले सहा तुकडे बुवांनी एकेक करून सुपातल्या तांदळावर मांडले. मधली जागा तशीच मोकळी ठेवली. तिथनं पांढरे तांदूळ दिसत होते.

कुमुदनं पदर तोंडाला लावला.

"तिला काय सांगू, बुवा?"

...

"मिळालं तेवढं वाढ," बुवा म्हणाले. "आणि तिचं पोटभर बघून होईपर्यंत बोलू नकोस."