वेडी नदीपलीकडून आलेलं उत्तर

शपथेवर सांगतो, या गोष्टीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः तिथं उभा होतो. म्हणजे, माझे आजोबा उभे होते. आजोबाही नाही म्हणा, ते तेव्हा पाळण्यात होते. पण पाळणा त्याच काठावर होता, एवढं तरी धरा.

सातपुड्याच्या पायथ्याशी चिचखेडा नावाचं गाव आहे आणि त्याला लागून वेडी नदी. वेडी का, तर सलग दोन पावसाळे ती एका पात्रात कधी नांदली नाही. आज इकडची जमीन खाईल, उद्या तिकडची. त्या गावात थंड मुलुखातले साहेब आले आणि त्यांनी लुथरन पंथाची ख्रिस्ती मंडळी उभी केली. देवळासाठी जागा पाहायला ते वैशाखात निघाले. नदीत तेव्हा नुसती वाळू. साहेबांनी विचारलं, "हा रुंद रस्ता कुठं जातो?" लोक म्हणाले, "पाण्यात जाते जी." साहेब मनापासून हसले आणि त्यांनी अलीकडच्या काठावर देऊळ बांधलं. मंडळीची घरं सगळी पलीकडच्या काठावर.

आषाढ लागला आणि झालं. देऊळ, घंटा, वेदी आणि पाळक अमोससाहेब एका काठाला. ज्यांच्यासाठी हे सगळं, ती माणसं दुसऱ्या काठाला. मधे वेडी, रात्रंदिवस घोंघावणारी. रविवार आला की पलीकडचे लोक स्वच्छ कपडे घालून चिखलात उभे राहायचे, एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचे, आणि काही ऐकू न येता परत जायचे. मंडळी अशानं तुटणार, असं सगळ्यांना वाटायला लागलं.

तेव्हा हबक्कूक पुढं आला.

हबक्कूक ज्वारीचा राखणदार. मचाणावर उभा राहून पाखरं हाकलायचा. त्यानं हाक मारली की पोपट उडत ते थेट पुढच्या तालुक्यात उतरत, आणि तिथले शेतकरी इकडे भांडायला येत, असं म्हणतात. त्याला एका जागी बसवत नसे. उपदेश चालू असताना तो या बाकावरून त्या बाकावर फिरायचा. अमोससाहेबांनी त्याला उचलून नदीतल्या काळ्या खडकावर उभं केलं आणि सांगितलं, "मी बोलेन ते तू पलीकडं पोचवायचं. जसंच्या तसं. पदरचा एक शब्द घालायचा नाही."

आणि त्यानं घातला नाही. साहेब म्हणाले, "प्रभू तुम्हांबरोबर असो." हबक्कूक गरजला, "प्रभू तुम्हांबरोबर असो!" साहेब मागं वळून म्हणाले, "अरे, छत्री नीट धर, मानेत पाणी चाललंय." हबक्कूक गरजला, "अरे, छत्री नीट धर, मानेत पाणी चाललंय!" पलीकडची मंडळी म्हणाली, "आमेन!"

असं ते जमून गेलं. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. आवाज इकडून तिकडं जात होता. तिकडून इकडं यायचा तो सगळ्यांचा मिळून एक गुंजारव. एकट्या माणसाचा शब्द त्या पाण्यावरून कधी आलाच नव्हता, आणि येण्याची कुणाला गरजही पडली नव्हती.

गरज पडली ती सलोमीच्या लग्नात.

सलोमी पलीकडच्या नहेम्याची मुलगी. तिला मागणी घातली एलियाब कंपाउंडरनं. माणूस वयानं मोठा, पहिली बायको वारलेली, मिशनच्या बंगल्यावरच्या साहेबांच्या मर्जीतला. दवाखान्याचं नवीन क्वार्टर तयार होतं, पण ते मिळणार लग्न झालेल्यालाच. म्हणून घाई. पूर उतरायची वाट पाहायला तो तयार नव्हता. मंडळीच्या रीतीप्रमाणे तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारली गेली. "कुणाची हरकत असेल तर आता बोला!" हबक्कूक खडकावरून गरजला. पलीकडं सलोमी म्हणाली, "आहे. माझीच आहे." शेजारच्या बायांनी तिचं तोंड दाबलं. तिन्ही रविवारी तिनं तेच म्हटलं, आणि तिन्ही रविवारी देवळात अमोससाहेबांनी मान हलवून लिहिलं, हरकत नाही.

मग लग्नाचा दिवस उजाडला. रीत अशी, की नवरीनं पाळकाला स्वतः उत्तर द्यायचं. ते इकडं आणणार कोण? हबक्कूकच. त्यानं सुक्या भोपळ्यांची सांगड बांधली आणि पाण्यात उडी घातली. वेडीनं त्याला भोवऱ्यात धरलं, तेव्हा त्यानं अशी हाक घातली की भोवरा दचकून उलटा फिरायला लागला, असं म्हणतात. ठरलं असं, की साहेबांनी प्रश्न विचारला की छत्री उंच करायची. प्रश्न सगळ्यांना पाठच होता.

पलीकडच्या काठावर माणसं चुळबुळत होती. पाणी पायाखालची माती नेत होतं, म्हणून घटकाघटकाला सगळे मागं सरकत होते. छत्री वर झाली. सगळ्यांनी सलोमीकडं पाहिलं.

"नाही," सलोमी म्हणाली.

"पोट्टी लाजून राहिली," नहेम्या घाईघाईनं म्हणाला.

"लाजत नाही मी, बाबा. मले नाही करायचं त्याच्यासंग."

नहेम्यानं हबक्कूकचा दंड धरला. "तू होय म्हन ना गा! त्या काठाले काय समजते?"

"थे तं नाही म्हनते."

"अन् उद्या? तुह्यं खोपटं कोनाच्या जागेवर हाये? माह्यं कोनाच्या? एलियाबनं बंगल्यावर एक शब्द टाकला तं दोघंही रस्त्यावर."

एक म्हातारी मागून खेकसली, "अरे हबक्या, ओरड काहीतरी! माह्यी भाकर करपून राहिली!"

छत्री पुन्हा वर झाली. हबक्कूक चिखलात इकडून तिकडं फिरत होता. सलोमी त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही छत्रीचं बोलणंसुद्धा जसंच्या तसं आणलं. माझं नाही आणणार?"

तेव्हा हबक्कूकचे पाय आयुष्यात पहिल्यांदा थांबले. त्यानं छाती भरली आणि हाक दिली, "नाही!"

ती हाक पाण्यावरून गेली तेव्हा वेडीला मधोमध भांग पडला. वेदीवरच्या मेणबत्त्या विझल्या. देवळाच्या दारात उभ्या एलियाबची टोपी उडाली ती बोरीच्या झाडावर जाऊन अडकली. हाक सातपुड्यावर आदळून परत आली आणि साहेबांना पुन्हा पुन्हा ऐकू आली, नाही, नाही, नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. लग्न मोडलं. हबक्कूकचा आवाज मात्र त्या एका शब्दात संपला. पुढं जन्मभर तो कुजबुजत बोलला, आणि त्याची पाखरं वाट्टेल तशी ज्वारी खात राहिली. खोपटी मात्र कुणाची गेली नाहीत. एवढ्या साक्षीदारांसमोर बंगल्यावर शब्द टाकायची एलियाबची हिंमत झाली नाही, असं म्हणतात.

आता नदीवर पूल आहे. तरीही चिचखेड्याच्या देवळात नवरीला प्रश्न विचारला की तिनं वेदीपुढून निघायचं, मधल्या वाटेनं दारापर्यंत चालत जायचं, आणि नदीकडं तोंड करून आपलं उत्तर मोठ्यानं ओरडायचं. त्या दाराला हाक्याचं, म्हणजे हाक मारणाऱ्याचं, दार म्हणतात. उत्तर बारीक आलं तर पलीकडच्या बाया हात हलवून सांगतात, "ऐकू नाही आलं वं!" मग पुन्हा. नवरामुलगा वेदीपुढून मान वळवून दाराकडं पाहत असतो, कारण दारापर्यंत जाऊन दुसरंच उत्तर दिलेल्या मुलीही त्या गावात आहेत, आणि त्यांना कुणी काही म्हटलेलं नाही.

तुमच्यातल्या कुणी विचारेल, की शब्द हबक्कूकनं आणला, तर ओरडायचं नवरीनं का? बरोबर विचारलंत. धरलंत मला.

पोपट मी घातले. भोवरा मी घातला, टोपी आणि बोरीचं झाड मीच घातलं. आणि हबक्कूकची ती हाकही माझीच. हबक्कूकनं त्या दिवशी तोंड उघडलं, नहेम्याकडं पाहिलं, आणि मिटलं. होय म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तेव्हा सलोमीनं त्याला बाजूला सारलं, गुडघाभर पाण्यात शिरली आणि स्वतः ओरडली.

एवढ्या बारीक पोरीचा आवाज भरलेल्या वेडीवरून पार गेला कसा, ते मला ठाऊक नाही. तेवढं एकच अचाट मी बनवलेलं नाही.