चालवून बघितलेली गाडी

हृदयविकार असलेल्या नवऱ्याला चिपळूणहून कराडच्या दवाखान्यात नेता यावं, म्हणून शैलजा दामले यांनी जुनी डिझेल गाडी घेतली. पहिल्याच फेरीला कुंभार्ली घाटात इंजिनाने काळा धूर ओकला आणि गाडी बंद पडली. मदत येईपर्यंत नवऱ्याने मागच्या सीटवरच प्राण सोडला. पुढे मेकॅनिकने इंजिन उघडलं, तेव्हा कळलं की ते आतून झिजलेलं होतं आणि धूर दिसू नये म्हणून त्यात घट्ट ऑइल भरलं होतं.

शैलजाताईंनी ग्राहक आयोगात तक्रार केली. गाडी विकणारे खानविलकरशेठ व्यापारी संघाचे अध्यक्ष. सुनावणीत ते ऐटीत म्हणाले, "जुन्या गाड्यांत माझं आयुष्य गेलं. मला त्या इंजिनात काहीच वावगं दिसलं नाही. शिवाय बाईंनी गाडी स्वतः चालवून बघितली होती. दोष असता तर त्यांना तेव्हाच कळला असता."

शैलजाताई शांतपणे उठल्या. "साहेब, आयुष्य गाड्यांत घालवून यांना जो दोष दिसला नाही, तो बँकेत कारकुनी करणाऱ्या मला एका चकरेत कसा दिसणार? आणि मला दिसण्याइतका तो उघड असेल, तर यांना तो आधीच दिसलेला होता. यातलं खरं कोणतं, ते शेठनीच सांगावं."

निकाल बाईंच्या बाजूने लागला.

बाहेर आल्यावर शेठ म्हणाले, "वहिनी, झालं गेलं विसरा. पैसे तर देतोच, वर दुसरी चांगली गाडी स्वस्तात देतो."

"नको," शैलजाताई म्हणाल्या. "आता मला कुणाला कुठे न्यायचं नाही."