धारवंटच्या दुरसूनी

ही हकीकत जशी ऐकली तशीच आठवते आहे का, याची खात्री देता येत नाही. धारवंटच्या किल्ल्यात पश्चिमेच्या बुरुजावर एक लांब पंचधातूची तोफ आहे. तिच्या सावलीत बसून शिवलिंग ओतारी येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगत असत. ते जाऊन आता बराच काळ लोटला. हकिकतीतल्या परदेशी बाईची आधीची मुले त्यांनी तीन सांगितली होती की चार, तोफ दुसऱ्यांदा फुटली तेव्हा माणसे दगावली की नुसती भाजली, अशा जागी स्मृती घसरते. आणि ती घसरली की शिकलेला माणूस आपल्या वाचनातले काहीतरी तिथे भरून मोकळा होतो. तसे इथे झाले नसावे, एवढीच आशा.

तोफ मात्र आहे, आणि तिच्याखाली होणारा तो विचित्र प्रकारही आहे. ज्या बाईची मुले जगत नाहीत तिला पुन्हा मुलगी झाली, की बारशाच्या दिवशी ती मुलगी कोंडा भरलेल्या सुपात घालून तोफेखाली आणतात. आई सूप जमिनीवर ठेवून मागे सरते. दुसरी एक बाई पुढे होते, पोर उचलते, सुपातला कोंडा आईच्या ओटीत ओतते. आणि मग भरल्या तांब्यातले पाणी आईच्या छातीवर फेकून सगळ्यांदेखत तिला नाही नाही त्या शिव्या देते. आईने अंग पुसायचे नाही, उलट बोलायचे नाही. मुलीचे नाव दुरसून ठेवतात. घर हिंदूचे असो की मुसलमानाचे, नाव तेच.

बाहेरगावचे पाहुणे हे बघून तोंड फिरवतात. 'बाळंतिणीला असं वागवतात का?' असे एखादी बाई म्हणतेच. त्यावर शिवलिंग ओतारी म्हणत, "शिव्या ऐकल्या नव्हं? बसा. आता त्या पहिल्यांदा कुणी दिल्या ते ऐका."

असे सांगतात की धारवंट जेव्हा सुलतानाच्या ताब्यात होते, तेव्हा रूम देशाचा, म्हणजे तुर्कस्तानचा, एक तोफ ओतणारा इथे आला. त्याला उस्ता रजब म्हणत. जहाजाने दाभोळला उतरून, घाट चढून तो आला, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको होती. तिचे नाव कोणालाच ठाऊक नाही. गाव तिला रूमीण म्हणे.

रूमिणीची मुले जगत नसत. जन्मताना धडधाकट असत. हसू लागत, कुशीवर वळू लागत, आणि पहिला दात दिसायच्या आत जात. पश्चिमेच्या दरवाजाबाहेर, मोहाच्या झाडाखाली तिने ती पुरली होती. तिथून येताना ती मागे वळून बघत नसे. एकदा वळून बघितले होते आणि मग दिवसभर तिथून उठता आले नव्हते.

शेवटची मुलगी झाली तेव्हा सुईणपण केले ते शेजारच्या गोजराई ओतारणीने. तिचा नवरा उस्ताच्या हाताखाली साचे भरत असे आणि तिच्या स्वतःच्या मांडीवरही तेव्हा अंगावर पिणारे मूल होते. नाळ कापून झाल्यावर रूमिणीने पोरीच्या कानाशी तोंड नेले आणि एकच शब्द म्हटला : दुरसून.

"हे कसलं नाव गं बाई?" गोजराईने विचारले.

"नाव नाही. मागणं आहे," रूमीण म्हणाली. "राहू दे, असं. आमच्याकडे ज्यांची मुलं जातात ते असं मागतात."

"आमच्यात मागत न्हाईत. फसवत्यात. दगडू म्हणायचं, धोंडी म्हणायचं. देवाला वाटावं, दगडच हाय, कशाला उचलायचा?"

"फसतो तुमचा देव?"

"कधी फसतो, कधी न्हाई. त्यालाबी लई घरं फिरायची असत्यात." गोजराई हसली, आणि मग हळूच म्हणाली, "न्हाईतर मग विकत्यात. दुसरीला. सूपभर कोंड्याला. मग ते पोर आपलं राहत न्हाई, आन् आपलं नशीब त्याच्या मागं जात न्हाई."

रूमीण बाजेवर उठून बसली म्हणे. कारण समुद्रापलीकडे, तिच्या आईच्या गावातही हेच करत. ती म्हणाली, "आमच्यात पण विकतात." पण रूमिणीने पोर छातीशी आणखी आवळले. ही राहील, असे तिला वाटत होते. आधीच्यांच्या वेळीही वाटले होते.

त्या साली पाऊस लांबला होता. किल्लेदाराला तोफ हवी होती. शत्रूची फौज भीमेच्या अलीकडे आल्याची बातमी होती. तोफेचा साचा मातीचा असतो. मातीत शेण, केस आणि कोंडा मळून तो थरावर थर चढवतात आणि प्रत्येक थर पुरता वाळवतात. त्यात थोडी जरी ओल राहिली तरी वितळलेला धातू आत पडताच त्या ओलीची वाफ होते आणि साचा फुटतो. उस्ता रजब हे ओरडून सांगत होता. किल्लेदार ऐकत नव्हता. पहिली तोफ तोंडाशी चिरली. दुसऱ्या वेळी खड्ड्यातून धातूचा रस कारंज्यासारखा उसळला आणि भात्यावरची माणसे त्यात सापडली.

मग गावात बोलणे उठले. कोणी उठवले ते सांगत नाहीत. 'तोफ जीव मागते आहे. ओतणाऱ्याच्या रक्ताचा.' ओतणाऱ्याला मारले तर तोफ कोण ओतणार? पण ओतणाऱ्याला मुलगी होती.

किल्लेदार या गोष्टी मानणारा नव्हता, असे शिवलिंग ओतारी नेहमी बजावून सांगत. पण शिबंदी घाबरली होती, भात्याला हात लावायला कोणी तयार नव्हते, आणि माणसे कामाला लागणार असतील तर एका तान्ह्या पोरीचा हिशोब त्याने केला नसता. उद्या सकाळी मूल खड्ड्याशी आणावे, असा हुकूम झाला.

उस्ताने घरी येऊन ते सांगितले आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. रूमिणीने आकांत केला नाही. भर दुपारी ती पोरीला घेऊन ओताऱ्यांच्या वाड्यात धावली. तिथे साच्याची माती तुडवणे चालले होते आणि कडेला कोंड्याचा ढीग पडला होता.

"गोजरा, घे विकत."

गोजराईला सगळे कळले होते. तिने माती तुडवणाऱ्यांना हाक मारली. "आरं, या हिकडं. पाच जणांनी बघाय पाहिजे. न्हाईतर उद्या म्हणतील बायाबायांनी चोरून केलं." चिखलाच्या पायांनी ते येऊन उभे राहिले. गोजराईने सूप भरले.

"बोल, तुझी हाय का ही?"

"नाही."

"पुन्ना बोल."

"नाही माझी."

"कुणाची?"

"तुझी."

गोजराईने कोंडा तिच्या ओटीत ओतला आणि पोर घेतली. रूमीण कोंड्याने भरलेला पदर सावरत घरी गेली. तिच्या हातांना अजून पोरीच्या वजनाची सवय होती, म्हणून ती तो कोंडाच जोजवत चालली होती, असे सांगतात.

सकाळी किल्लेदाराची माणसे आली तेव्हा उस्ताच्या घरात मूल नव्हते. ओताऱ्यांचे पाच पंच पुढे झाले आणि विक्रीची शपथ घेऊन म्हणाले, पोर आमची आहे, ओताऱ्याची. रूमीचे रक्त तिला लागू नाही. किल्लेदार पेचात पडला. या मुलखात विकलेले पोर विकत घेणाऱ्याचेच, हे त्याच्या शिपायांनाही मान्य होते. पण त्याच्या पदरी एक धूर्त कारकून होता. तो म्हणाला, "सरकार, सौदा खरा की खोटा, ते आईच्या तोंडून कळणार नाही. तिच्या अंगातून कळेल. पोर दुपारपर्यंत उपाशी ठेवा आणि मग दोघींना समोरासमोर उभ्या करा. खरंच विकली असेल तर माया तुटलेली असेल."

तसे केले. दुपारी बुरुजाखाली सारा गाव जमला. पोर गोजराईच्या हातात होती, पण तिला पाजायला मनाई होती. सकाळपासून रडून तिचा आवाज बसला होता. रूमिणीला समोर उभी केली.

"ही बच्ची कुणाची?" किल्लेदाराने विचारले.

"ओतारणीची," रूमीण म्हणाली.

तिने नजर तोफेच्या खड्ड्यावर ठेवली होती. पोरीकडे बघितलेच नाही. तोंड तिने आवरले, डोळे आवरले, हात मागे बांधून घेतले. पण पोर पुन्हा रडली, आणि बाईचे अंग बाईचे ऐकत नाही. रूमिणीला छातीत कळ आली. पान्हा फुटला. चोळीवर पहिला थेंब उमटला तो तिला स्वतःला कळला. आता हा डाग पसरेल, सगळ्यांना दिसेल, आणि आपलेच दूध आपल्या पोरीला खड्ड्यात घालेल, हेही कळले. पदर ओढून घ्यावा तर तोच पुरावा. ती हलली नाही. कारकून पुढे वाकून बघू लागला.

एवढ्यात गोजराई किंचाळली.

"ए रांडं! माझ्या लेकराकडं काय बघतीस गं टकामका? तुझी खाल्लीस ती पुरली न्हाईत? आता माझीवर डोळा? सटवे, अवदसे, तुझी सावली पडली म्हणून माझं पोर सकाळधरनं रडतंय!" आणि शेजारी माती कालवायला भरून ठेवलेली पाण्याची घागर उचलून तिने सगळीच्या सगळी रूमिणीच्या छातीवर रिकामी केली.

रूमीण नखशिखांत भिजली. आता दूध कोणते आणि पाणी कोणते, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. भोवतीच्या बायांना गोजराईचा कावा कळला की त्या खरेच भ्यायल्या, देव जाणे. पण त्याही ओरडू लागल्या, कोणी बोटे मोडू लागल्या, कोणी माती उधळली. किल्लेदाराने तोंड वाकडे केले. "कसली जनावरं आहेत," म्हणाला आणि कारकुनाला, "चल. ही त्या बाईची राहिली नाही. सौदा खोटा असता तर पोरीच्या आईला असं कोण बोललं असतं?"

रूमीण तशीच उभी होती. 'तुझी खाल्लीस ती' हे शब्द तिला वाचवायला बोलले गेले होते, हे तिला ठाऊक होते. पण ते खोटे आहेत, असे तिला कधी वाटले नाही, असेही सांगतात.

मुलीचा जीव वाचल्यावर उस्ता रजब किल्लेदारापुढे गेला. "मला साचा वाळवू द्या," तो म्हणाला. "फुटला तर रक्त माझं घ्या. आता दुसरं कोणाचं उरलंही नाही." त्याने शेणींची मंद धग देऊन साचा आतून बाहेरून वाळवला. घाई करू दिली नाही. तोफ निघाली ती आज आहे तशी, एकही चीर नसलेली.

संकट टळले. काही महिन्यांनी रूमीण सूपभर कोंडा घेऊन गोजराईच्या दाराशी आली. सौदा परत फिरवायला.

गोजराई वाटच बघत होती. "ने गं बाई," ती म्हणाली. "तुझी तू ने. माझ्या जिवालाबी ते बोललेलं लागून राहिलंय." तिने पोरीला पुढे केले. पोर अनोळखी बाईकडे बघून हसली, आणि खालच्या हिरडीवर रूमिणीला एक पांढरा कण दिसला. दात. तिच्या कुठल्याच मुलाला न आलेला.

ती उंबऱ्यावर थांबली. परत घेतलेले पोर मागच्यांच्या वाटेने जाते, असे तिच्या गावी म्हणत आणि इथेही म्हणत. ते खरे असेलच असे नाही. पण खोटे ठरवून बघायला तिच्याजवळ दुसरी मुलगी नव्हती.

"नको," ती म्हणाली. सूप तिथेच ठेवले आणि घरी गेली.

पुढे ती त्याच गल्लीत म्हातारी झाली. दुरसून तिच्या डोळ्यांदेखत वाढली, ओताऱ्यांत राहून ओतकाम शिकली. देवळातली मोठी घंटा आणि दर्ग्यातली समई तिच्याच हातची, असे दोन्हीकडचे लोक सांगतात. रूमीण तिला नावाने हाक मारी. ते नाव म्हणजेच मागणे होते, आणि तेवढ्यावर तिने आयुष्य काढले. 'पोरी' म्हणून मात्र कधी म्हणाली नाही. मरताना तिने पाणी मागितले तेव्हा ते दुरसूननेच पाजले म्हणे. रूमिणीने विचारले, "कुणाची गं तू?" दुरसून म्हणाली, "ओताऱ्याची." रूमिणीने समाधानाने डोळे मिटले, असे शिवलिंग ओतारी सांगत. समाधानाने, हा शब्द त्यांचा.

तेव्हापासून हे नाव धारवंटला चालू आहे. प्लेगच्या साली सगळे गाव सोडून गेले तेव्हा झोपड्यांतून रोग्यांना पाणी पाजत फिरलेली दुरसून दाई. किल्ल्याच्या देवडीत मुलींची पहिली शाळा भरवणारी दुरसून मास्तरीण. आणि सासूने घराबाहेर काढले तेव्हा सासूचेच अंथरूण उचलून रस्त्यावर घालणारी दुरसून कासारीण, जिचे नाव अजून भांडणात घेतात. नाव ठेवूनही न राहिलेल्या दुरसूनींची नावे कोणी सांगत नाही. त्याही असणारच. मागणे हे मागणेच असते.

आजही धारवंटला तोफेखाली सूप ठेवले जाते, पाणी फेकले जाते आणि गोजराईचे शब्द थोडेफार सौम्य करून बोलले जातात. शिव्या देणारी बाई नंतर घरी जाऊन रडते. तिला त्या दिवशी कोणी जेवायचा आग्रह करत नाही.

शिवलिंग ओतारी गेल्यानंतर कित्येक वर्षांनी पश्चिमेच्या दरवाजाबाहेरच्या एका जुन्या कबरीचे चुन्याचे थर दुरुस्तीत गळून पडले. ही बातमी कळल्यावर मुद्दाम जाऊन पाहिले; आपल्या फारसीवर विश्वास नसल्याने दोन जाणकारांकडूनही वाचून घेतले. तिघांचे वाचन एकच निघाले. कबरीवर मृत बाईचे नाव नाही. 'मादर-ए-दुरसून', दुरसूनची आई, एवढेच आहे. आणि ती अक्षरे दगडात कोरलेली नाहीत. पंचधातूची आहेत, साच्यात ओतून बसवलेली.