शेलघाटाचे अकरा दगड

शेलघाटाच्या उतारावर, नाव बांधायच्या खुंटाशेजारी, अकरा गोल दगड दिसतात. एकेक दगड माणसाच्या वजनाचा. पाहुण्यांना वाटतं, देव असतील. कुणी वाकून नमस्कारही करतं. पण ते देव नाहीत. या घाटावर ज्याला नावाडी व्हायचं असेल, त्यानं तीन पावसाळे हे दगड नावेतून पैलतीरी न्यायचे आणि परत आणायचे. तोवर नावेत माणूस घ्यायचा नाही. ही रीत कशी पडली, ते जुनी माणसं सांगतात ते असं.

फार वर्षांमागे म्हादजी भोई इथला नावाडी होता. त्याचे खांदे निकामी झाले तेव्हा त्यानं वल्हं मुलाच्या, रखमाजीच्या, हाती दिलं. रखमाजीनं नाव चालवली होती ती एक उन्हाळाभर, तेवढीच. आषाढात बाजाराची अकरा माणसं घेऊन तो पुरात शिरला आणि घाटाखालच्या भोवऱ्याशी जोर करायला गेला. नाव उलटली. बारांतलं एकही माणूस वर आलं नाही म्हणे.

तेराव्याचं उरकलं आणि रखमाजीची बायको येसाई सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामंजी, मला शिकवा."

म्हादजी म्हणाला, "त्याला मी घाईनं सोडला. तुला तसा सोडायचा नाही."

पहिले चार महिने त्यानं तिला वल्ह्याला हात लावू दिला नाही. काठावर बसायचं आणि नुसतं पाणी बघायचं. कुठं ते फुगतं, कुठं वळतं, कुठं उगाच शांत दिसतं. मग रिकामी नाव. धार समोरून कापायची नाही, तिरपं घ्यायचं. भोवऱ्याशी भांडायचं नाही. कडेकडेनं त्याच्यासंगं जायचं आणि त्यानं सैल सोडलं की निघायचं. पाऊस लागला तसे म्हाताऱ्यानं नावेत अकरा दगड चढवायला लावले.

"दोरीनं बांधू का?" येसाईनं विचारलं.

"माणसं बांधशील? घाबरली की तीही अशीच एका अंगाला घरंगळतात."

त्या पावसाळ्यात नाव कलली की दगड धडाधड पाण्यात जायचे. जेवढे बुडतील तेवढे नवे शोधून आणायचे. येसाईच्या तळव्यांची कातडी सोलून निघाली, पण म्हातारा रोज एवढंच विचारी, "आज किती?"

दुसऱ्या पावसाळ्यात मोठा पूर आला. नदीच्या मधल्या बेटावर सिदू धनगर आणि त्याची बायको गंगू मेंढरांसकट अडकली. सारा गाव काठावर गोळा झाला. येसाईनं नाव ढकलली, तर म्हादजीनं दोर धरून ठेवला.

"सकाळी किती गेले?"

"तीन."

"बेटावर माणसं दोन," म्हातारा म्हणाला. "आणि तिसरी तू."

"मामंजी, ती हाका मारतायत!"

"मला ऐकू येतंय."

दोर त्यानं सोडला नाही. तिला तो हिसकून घेता आला असता. पण तिनं वल्हं खाली ठेवलं आणि ती चिखलात बसली. गंगूच्या हाका दुपारपर्यंत येत होत्या. मग बेटही दिसेना.

त्यानंतर गावानं येसाईला विहिरीवर येऊ दिलं नाही. ती त्याच नदीचं पाणी प्यायली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दगड चढवायला लागली. रडायची, असं सांगतात, पण हात थांबवायची नाही.

तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी म्हादजीनं अंथरूण धरलं. एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "आज किती?"

"एकही नाही, मामंजी. महिना झाला, एकही नाही."

म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं. तो पुन्हा बोलला नाही.

चौथ्या पावसाळ्यात येसाई नाव घेऊन उभी राही आणि लोक लांबून बघत. कोणी बसेना. एके दिवशी भर पुरात सिदूचा भाऊ मायाप्पा आजारी आईला पाठीवर घेऊन आला. वैद्य पैलतीरी होता, दुसरा रस्ता नव्हता. तो नावेत बसला. मधल्या धारेत नाव कलली, म्हातारी ओरडली, मायाप्पानं डोळे मिटले. येसाईनं वल्हं सैल केलं, भोवऱ्याच्या कडेनं अर्धा वेढा घेतला आणि नाव पैलतीराच्या वाळूला अलगद लावली.

मायाप्पानं आईला उतरवलं आणि मागं वळून विचारलं, "मग त्या दिवशी का नाही आलीस?"

येसाई म्हणाली, "येत नव्हतं मला."

मायाप्पा रामरामही न करता आईला घेऊन चढणीला लागला.

तेव्हापासून शेलघाटाच्या नावेत माणूस बुडाला नाही, असं सांगतात. पण आजही त्या धनगरांच्या भावकीतलं कोणी नावेतून उतरलं, तर नावाड्याला रामराम करत नाही. आणि नावाडी, तो कुणीही असो, ते पार वर चढून जाईतो हात जोडून उभा राहतो.