न बांधलेल्या घराची पाहणी

येसूला घर बांधायचं होतं, आणि राजाला ते आधी बघायचं होतं!

कचेरीत कारभारी त्रिंबकपंत लोडाला टेकून पान चघळत बसले होते. त्यांनी तिचा अर्ज उलटसुलट करून पाहिला नि म्हणाले, “परवाना हवा? मग घर दाखव.”

“अहो पंत, घर बांधायलाच तर परवाना मागतेय!”

“परवान्याशिवाय बांधलंस तर पाडू. आणि महाराजांनी डोळ्यांनी घर बघितल्याशिवाय परवाना नाही!”

“मग मी आधी काय करायचं?”

“ते कायद्यात लिहिलेलं नाही,” पंत म्हणाले आणि त्यांनी दुसरं पान उचललं.

कायदा राजाच्या रागातून जन्मलेला. एका सरदाराने तीन मजली हवेली चढवली नि तिची सावली थेट राजवाड्याच्या गच्चीवर पडली. तिथेच उदाजीराव महाराज कोवळ्या उन्हात तेल लावून घ्यायचे! महाराज भडकले. “यापुढे मी बघितल्याशिवाय माझ्या नगरीत घर उभं राहायचं नाही!” पंतांनी तो शब्द जसाच्या तसा लिहून काढला. महाराज असे हट्टी, की बोललेला शब्द मागे घेणं त्यांना ठाऊकच नाही. तीन वर्षं झाली, नगरीत एक घर नवं उठलं नाही. एकेका चुलीवर चार-चार सुना पाळीने स्वयंपाक करायच्या. धाकटीची पाळी येईतो दिवस कलायचा. आणि इकडे महाराज दरबारात मिशीला पीळ देत सांगायचे, “तीन वर्षांत एकही बेकायदा घर नाही!” सगळा दरबार माना डोलवायचा.

येसूचा बाप हैबती गवंडी. राजवाड्याच्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. आता मात्र गुडघे गेलेले. उन्हाळ्यात झोपडी जळाली तेव्हापासून बापलेक देवळाच्या ओवरीत पडलेली. पुजाऱ्याने बजावलं होतं, “आठ दिवसांनी जत्रा. ओवरीत दुकानं लागतील. गाठोडं उचला!” म्हाताऱ्याला घेऊन जायचं कुठं?

येसू सरळ दरबारात जाऊन उभी राहिली. “महाराज, घर बघायला चला!”

“परवान्याशिवाय बांधलंस?” महाराज गरजले.

“एक वीट लावली नाही, महाराज.”

“मग बघू काय? आणि मला काही दिसलंच नाही तर?”

“तर बापाला पाठुंगळी घेऊन नगरी सोडीन!”

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज आले, मागून मोहरेची पेटी घेऊन पंत आले, आणि त्यांच्या मागे अख्खी नगरी लोटली. बघतात तर काय? जळक्या झोपडीची जागा झाडून लख्ख केलेली. खुंट्या ठोकून, दोरी ताणून, चुन्याची पांढरीशुभ्र फक्की मारलेली. पाया खणायच्या आधी गवंडी आखतात, अगदी तशी. दोन खोल्या, पडवी, नि दारांच्या जागी रेघ तोडून वाट मोकळी सोडलेली.

महाराजांनी रेघेपलीकडे टाकायला पाऊल उचललं मात्र, येसू ओरडली, “अहो महाराज, भिंत!”

पाय तसाच वर राहिला!

पंत फिस्सकन हसले. “कसली भिंत? रांगोळी आहे नुसती!”

“पंतांना घर दिसत नाही, त्यांना बाहेरच राहू द्या,” येसू म्हणाली. “महाराज, तुम्ही असे दारातून या. डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे.”

नगरी बघतेय म्हटल्यावर महाराज मागे कसले हटतात? दारातून गेले, आणि जाताना फेट्यासकट वाकलेसुद्धा! बायकांनी तोंडाला पदर लावले.

“ही चूल. ही बाची खाट. आता इथं पाटावर टेका.”

महाराज पाटावर बसले. येसू मागल्या पावली बाहेर आली, मूठभर फक्की घेतली आणि दाराच्या जागी आडवी रेघ ओढली.

“हे काय?”

“दार लावलं, महाराज. आता सांगा, घर दिसलं का?”

“कुठलं घर? मोकळं रान आहे हे!”

“मग या की चालत भिंतीतून बाहेर! मी आत्ता नगरी सोडते. पण जाताना एवढं सांगून जाईन, की न बांधलेलं घर खुद्द महाराजांना दिसलं नाही, ते आम्ही गोरगरिबांनी दाखवायचं कसं? आणि दिसलं असेल, तर बसल्या जागी मोहर उठवा. मी दार उघडते!”

महाराज रेघेकडे बघतायत. बाहेर यावं तर कायदा खोटा पडतो, आत बसावं तर परवाना द्यावा लागतो! वरून ऊन तापलेलं, फेट्याखालून घाम निथळतोय.

पंतांना राहवलं नाही. “महाराज, या ना बाहेर! नुसत्या रेघा आहेत!” म्हणत ते रेघ ओलांडून आत घुसले.

“पंत!” महाराज कडाडले. “लोकांच्या भिंतीतून आत शिरता? दारातून या!”

आणि स्वतःचंच बोलणं कानावर पडलं तसे महाराज जे हसत सुटले, ते पोट धरून हसले! पंत बिचारे बाहेर गेले, येसूने पायाने रेघ पुसून दार उघडलं, तेव्हा कुठे पेटी आत आली. महाराजांनी मांडीवर कागद ठेवून मोहर उठवली.

“लिहा पंत, यापुढे घर दाखवायचं ते असं, फक्कीने! घर बघितल्याशिवाय परवाना नाही हा माझा शब्द कायम!” शब्दही राहिला, नगरीची अडचणही सुटली.

मग महाराज घाम पुसत म्हणाले, “पोरी, घर झकास आहे. एकच खोट काढतो, आत ऊन फार लागतं!”

“लागणारच, महाराज! छपराला परवाना मिळालाय, लाकूड कुठं मिळालंय अजून?”

महाराज पुन्हा खदखदून हसले, आणि दिवस मावळायच्या आत राजाच्या रानातलं सागवान भरून चार गाड्या येसूच्या दारात उभ्या राहिल्या.