टाक्यावरची वेल

एका जंगलात, भर उन्हाळ्यात, म्हातारी हत्तीण आणि कोल्हा यांचे भांडण हमरीतुमरीवर आले होते. भांडण होते एका वेलीवरून. माळावरच्या नव्या टाक्याभोवती फुलांची वेल ताणून बांधलेली, आत काठोकाठ पाणी आणि समोरच्या उतारावर वणव्याचा धूर. हत्तीण म्हणत होती, बाजूला हो. कोल्हा म्हणत होता, सिंहमहाराज येऊन आपल्या पंजाने वेल तोडतील, तोवर पाण्याला कोणी शिवायचे नाही.

मुलांनो, हे टाके काही आभाळातून पडले नव्हते. दर उन्हाळ्याला जंगल जळे आणि दर उन्हाळ्याला हत्तीण दरबारात जाऊन खडसावून येई की, वणवा विझवायला पक्के टाके द्या. अखेर दरबाराने आपल्या कोठारातून दगड दिले, खपणाऱ्या गव्यांसाठी चारा दिला. देखरेख कोल्ह्याकडे. त्याने आधी काय केले, तर जुने गळके टाके पाडून त्याच्या दगडांची नव्या टाक्याच्या वाटेवर महाराजांसाठी कमान उभारली. गळके होते, पण चार सोंडा पाणी तरी देत होते.

"अरे, उतारावर हरिणीचे पाडस आहे," हत्तीण म्हणाली. "आई येईपर्यंत ते गवतातून हलायचे नाही. त्यांची रीतच तशी."

कोल्हा रागावला नाही. हलकेच म्हणाला, "मोडा की वेल, आजीबाई. मी कोण अडवणार? पण महाराजांचा मान गेला, तर पलीकडच्या डोंगराला कबूल केलेले टाकेही गेले म्हणून समजा. मग तिथली पिल्ले तुमच्या नावाने रडतील."

कुणापुढे न वाकलेली हत्तीण तिथे मात्र थबकली. पलीकडच्या डोंगरावर तिचा सगळा कळप होता. तेवढ्यात वारा फिरला आणि आग पाडसाच्या गवताकडे वळली. तिने वेल तोडली, सोंड भरली, धावली. पुन्हा आली, पुन्हा धावली. वणवा विझला. पण गवत उरले नव्हते आणि गवतात जे मुकाट पडून होते, तेही उरले नव्हते.

ऊन कलल्यावर सिंह वाजतगाजत आला. तोवर कोल्ह्याने तुटक्या वेलीला गाठ मारून ती पुन्हा ताणून बांधली होती. हत्तीण कमानीतच आडवी उभी राहिली. कोल्हा सगळ्यांदेखत तिच्यावर घसरला : दरबाराने एवढे दिले तरी हिचे तोंड वाकडेच, चांगल्या कामाला हिचाच अपशकुन. मागे हरिणी उभी होती. तिचा पान्हा अजून आटला नव्हता.

हत्तीण बाजूला झाली आणि म्हणाली, "तोडा महाराज, पण त्या हरिणीकडे बघत तोडा."

तात्पर्य : आग मुहूर्त विचारून लागत नाही, म्हणून विझवायला मुहूर्त पाहणारा आणि त्याचे ऐकून क्षणभर थांबणारा, दोघेही जाळणाऱ्यांतच जमा.