सहा हंड्यांचे मीठ

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक आचारी राहत होता. लोक त्याला अण्णा म्हणत. बारसे असो की साखरपुडा, अण्णा एकटाच यायचा, चूल मांडायचा, एका हंड्यात आमटी आणि एकात भाजी करायचा, आणि पन्नास माणसे बोटे चाटत उठायची.

त्याची खरी ख्याती होती देवीच्या उत्सवातल्या स्वयंपाकाबद्दल. त्या गावचा रिवाज असा, की देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न कोणी चाखायचे नाही, आचाऱ्यानेसुद्धा नाही. मीठ अंदाजानेच घालायचे. अण्णाचा अंदाज वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

हळूहळू आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. एकट्याने उरकेना, तेव्हा त्याने दोन माणसे हाताशी घेतली. भाजीला तानूबाई आली. एकत्र कुटुंबात पंचवीस माणसांचा स्वयंपाक तिने पंधरा वर्षे केला होता. आमटीला कोंडाजी आला. तो आधी गुऱ्हाळात होता, त्यामुळे जाळ कसा राखायचा हे त्याला सांगावे लागत नसे. अण्णा त्यांना चिरायला द्यायचा, ढवळायला द्यायचा. मिठाची बरणी मात्र त्याच्याच काखेत.

"अण्णा, एका हंड्याला किती मुठी?" तानूबाईने एकदा विचारले.

"ते माझं मी बघतो. तू भोपळा बघ," अण्णा म्हणाला, आणि तिच्याकडे पाठ करून त्याने मीठ घातले.

तो वाईट माणूस नव्हता. त्याला भीती वाटायची. चिरणारे हात शंभर मिळतील, पण मीठही दुसऱ्यानेच घातले तर आपण आचारी कशाचे?

त्या वर्षी देवळावर नवा कळस चढणार होता. सात गावांना जेवणाचे आमंत्रण गेले. पाटील येऊन म्हणाले, "अण्णा, आजवर उत्सवाला दीडशे पानं असायची, आता आठशे आहेत. देवीचं अन्न बिघडलं तर पुढल्या वर्षी शहरातला आचारी आणू. मग वाईट वाटून घेऊ नका."

उत्सवाचे काम गेले की बाकीच्या गावांची कामेही जाणार, आणि तिघांचीही पोटे त्यांवर होती.

सहा चुलाणांवर सहा हंडे चढले, तीन आमटीचे आणि तीन भोपळ्याच्या भाजीचे. अण्णा बरणी घेऊन या हंड्याकडून त्या हंड्याकडे धावू लागला. आमटी आटत आली तरी कोंडाजी डाव धरून त्याची वाट बघत उभाच. इतक्यात पुजारी नैवेद्याच्या ताटाचे विचारायला आले. मग पाटलांचा निरोप आला. मग पत्रावळी कमी पडल्या. ते सगळे निस्तरून अण्णा परत आला, भाजीच्या एका हंड्यावर मिठाची मूठ धरली, आणि थबकला. यात आधी घातले होते का? चाखून तर बघता येत नव्हते.

"कोंडाजी, कुठल्या हंड्यांत मीठ पडलंय?"

"आम्हाला काय ठाऊक, अण्णा? तुम्ही पाठ करून घालता. आता पाठीलाच विचारा."

बाहेर पंगत बसायला लागली होती. मूठ हंड्यात टाकून मोकळे व्हावे, भाजी बिघडलीच तर चूक हाताखालच्यांवर ढकलावी, असे अण्णाच्या मनात येऊन गेले. कोणाला कळणार होते? पण तानूबाई त्याच्याकडेच बघत होती. तिच्याकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "तानूबाई, मला आठवत नाही गं. तुला काही समजतंय का बघ."

तानूबाईने तिन्ही हंड्यांत डाव फिरवून पाहिला. "भोपळ्याला पाणी सुटलंय. मीठ पडल्याशिवाय एवढं सुटत नाही. तिन्हींत पडलंय. मूठ मागे घ्या."

"हे तुला कधीपासून कळतं?"

"पहिल्या वर्षापासून. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आमटीचे मात्र तिला सांगता येईना. दोन हंड्यांत घातल्याचे अण्णाला पक्के आठवत होते, तिसऱ्याची खात्री नव्हती. कोंडाजी म्हणाला, "तसंच राहू द्या. अळणी निघाली तर पानात मीठ वाढलेलं आहे. खारट झाली तर काढणार कोण?"

अण्णाने त्याचे ऐकले.

तिसरा हंडा अळणीच निघाला. पाने वाढून झाल्यावर नैवेद्य झाला, लोकांनी पहिला घास घेतला आणि एका रांगेत कुजबुज सुरू झाली. "कळस वर चढला, मीठ खालीच राहिलं वाटतं," एक म्हातारा म्हणाला.

पाटील चुलाणापाशी आले. "आमटीवर कोण होतं?"

कोंडाजीने मान खाली घातली. अण्णा पुढे झाला. "आमटी त्याने चांगली केली. मीठ मी विसरलो." मग पंगतीपुढे जाऊन त्याने हात जोडले. "मंडळी, या रांगेची आमटी अळणी आहे. चूक माझी. आता पानातलं मीठ घ्या, दुसऱ्या वाढीला चव लावून आणतो."

लोक हसले आणि जेवले. पाटील हसले नाहीत. "तोंडावर कबूल केलंत, म्हणून आणखी एक वर्ष देतो. एकच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाने बरणी तिघांच्या मध्ये ठेवली. त्याला वाटले होते, मुठी सांगितल्या की झाले. पण कोंडाजीचा पंजा मोठा, तानूबाईचा लहान. अण्णाच्या सात मुठी म्हणजे तिच्या दहा आणि कोंडाजीच्या पाच. ज्याचे माप त्यालाच शोधावे लागले. उत्सवासाठी हात बसावा म्हणून ती दोघे बाकीच्या कामांतही न चाखताच मीठ घालू लागली. त्यात एका साखरपुड्याची भाजी खारट झाली, एका बारशाची आमटी फिकी झाली. यजमानांचे बोलणे दोन्ही वेळा अण्णाने ऐकून घेतले. बरणी परत काखेत घ्यावी असे त्याला फार वाटले, पण त्याने ती घेतली नाही.

पुढल्या उत्सवात ज्याने त्याने आपापल्या हंड्यात मीठ घातले. अण्णा पंगती बसवत फिरला. देवीपुढे घंटा वाजली, लोक जेवू लागले, तेव्हा तो खांबाला धरून उभा होता. पहिल्या रांगेने दुसऱ्यांदा आमटी मागितली, मग कुठे तो खाली टेकला.

जेवणे झाल्यावर पाटील आले. "अण्णा, पुढल्या वर्षी पलीकडच्या गावचा उत्सवही याच दिवशी येतोय. त्यांनाही तुम्हीच हवेत. कसं करायचं?"

"इथे मी आणि कोंडाजी. तिकडे तानूबाई जाईल, स्वतःची माणसं घेऊन."

"ती तुमच्यासारखं करील?"

"नाही. तिच्यासारखं करील," अण्णा म्हणाला. "बोलावणं तिच्याच नावाने धाडा."

तात्पर्य एवढेच: आपले कसब आपल्याच काखेत ठेवले, तर ते एका चुलीपुरते राहते. ते दुसऱ्यांच्या हाती दिले आणि त्यांच्या चुका आपल्या मानल्या, तर त्यावर सात गावे जेवतात.